दगड बांधलेलं सूत

टकळीमावशीला रिकाम्या हातांनी उभं असलेलं मी कधी पाहिलं नाही. गिट्टीखदानच्या पलीकडे पडीक रानात तिच्या नऊ बकऱ्या चरायच्या आणि ती त्यांच्यामागे चालत त्यांच्याच केसांचं सूत कातायची. डाव्या बगलेत केसांचा पुंजका, उजव्या हाताखाली फिरती टकळी. लग्नाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत हातभर सूत काढणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

तोंडाची टकळीही तशीच. कोणाची सून रुसली, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळं तिला ठाऊक आणि सगळ्यांना सांगून ती मोकळी. "माह्या पोटात काई राहतच नाही, बाई," म्हणायची. मी ते खरं धरून चालले.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मॅट्रिक होऊन मी दादा-वहिनीकडे राहत होते. जवळच्या मुलींच्या शाळेत हस्तकलेच्या बाईंची जागा निघणार होती. कापूस कातणाऱ्या पुष्कळ होत्या. मुख्याध्यापिकाबाईंना बकरीचा केस कातणारी हवी होती. ती जागा मिळाली असती तर वहिनीच्या घरातून माझं बिऱ्हाड हललं असतं. म्हणून मी रोज दुपारी मावशीकडे जाऊ लागले.

शिकवलं मात्र तिने जीव लावून. कातरलेल्या केसांतले काडी-गोखरू वेचायचे, काठीने झोडून केस मोकळे करायचे, बोटांना चिमूटभर राख लावायची म्हणजे केस निसटत नाहीत. डोळे मिटून केस चोळले की कोणत्या बकरीचे ते ती सांगायची. वहिनीने जे कधी विचारलं नाही ते ती दारातच विचारायची, "जेवली का वं?" आणि उत्तर येण्याआधी भाकर-ठेचा समोर ठेवायची.

पण माझं सूत टिकेना. टकळीवरून उतरवलं की त्याची वेटोळी व्हायची, पीळ सुटायचा. तिचं सूत ताठ. कळमेश्वरचे गाडीवाले त्याचे दोर न्यायला तिच्या दारी येत. "मावशी, चुकते कुठी माह्यं?" मी रडकुंडीला येऊन विचारायची. ती माझे तळवे उलटेपालटे करून बघायची.

"चुकत काई नाही. हातच कच्चा हाय तुया. येत राह्य, पिकन."

दोन वर्षं मी हात पिकवत राहिले. आपल्या हातातच खोट आहे हे मला इतकं पटलं होतं की पोळी करपली तरी मी हातांकडे बघायची.

अखेर जागा निघाली. परीक्षेच्या दिवशी मी माझ्या सुताची सगळ्यांत चांगली लड मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या अर्ज वाचत होत्या तोवर ती आपसूक वळवळली आणि उकलली. त्यांनी दोन बोटांनी लड माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवेना. मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला मी सकाळीच गेले. अंगणात कडुनिंबाच्या फांदीला सुताच्या लडी टांगल्या होत्या, ओल्याचिंब, आणि प्रत्येकीच्या खालच्या टोकाला एक दगड बांधलेला होता. ओलं सूत ताणावर वाळलं की पीळ बसतो, एवढंच. लहान पोरीलाही जमावं असं. ते दगड न्हाणीमागे रचलेले मी शंभरदा पाहिले होते, कशासाठी ते विचारलं नव्हतं. मी यायच्या आत ती सगळं उतरवून ठेवायची. दोन वर्षं, रोज.

"हे मले काहून नाही सांगतलं?"

तिच्या हातातली टकळी थांबली. "सारं सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं तू आली असती का वं परत?"

मी ती उकललेली लड तिच्या पायाशी टाकली आणि निघाले. मागून हाक आली, "जेवून तं जाय." मी वळले नाही. नोकरी हुकली त्याचा राग नव्हता. तिने माझ्या हातांना खोटं पाडलं त्याचा होता. पुढच्या वर्षी ती वारल्याचं कळलं, तेव्हाही मी गेले नाही.

मला पुढे दुसऱ्या शाळेत जागा मिळाली. शाळा सुटल्यावर माझ्या घरी शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी दगड बांधायला शिकवायची. काही म्हणून राखून ठेवायचं नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. मुली हुशार, महिनाभरात त्यांचं सूत ताठ व्हायचं. मग गोड हसून नमस्कार करायच्या आणि परत कधी यायच्या नाहीत.

मावशीला मी अजून माफ केलेलं नाही. पण सूत जमू लागलेली एखादी मुलगी पिशवी भरून निघायला दाराशी पोचली की मी घाईने विचारायची, "जेवली का वं?"