अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी

मागे ट्रेलर जोडला की गाडी डिझेल पीत नाही, ढोसते. एरवी चौदाचं अ‍ॅव्हरेज देणारी आमची गाडी तेव्हा आठावर येते, समोरून वारा असला तर सातावर. त्यामुळे लांब जायचं तर पहिला विचार मुक्कामाचा नसतो, पंपाचा असतो. आमच्या घरी तो विचार माझ्या सासऱ्यांनी आपल्या अंगावर घेतला होता, आणि एकदा अंगावर घेतलेल्या कामाला ते कुणाला हात लावू देत नसत.

ट्रेलर माझ्या नवऱ्याने बनवला. तो चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिथल्याच एका ओळखीच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी खपून त्याने दोन बाकं, एक ओटा, एक पंखा आणि खिडक्या असलेली चाकांवरची पांढरी पेटी उभी केली. मी कोल्हापूरची. नोकरीसाठी चेन्नईत आले, अड्यारला ऑफिस, आणि तिथेच हा भेटला. माझ्या आईने ट्रेलरचा फोटो पाहून विचारलं, "घरात बसायला वेळ नाही, आणि घर घेऊन फिरायला निघालात होय?"

पहिल्यांदा ट्रेलर जोडून आम्ही अड्यारच्या पंपावर गेलो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. गाडी छपराखाली गेली, ट्रेलर रस्त्यावर राहिला, पुढे वळायला जागा नाही, मागे बस. ट्रेलरसकट रिव्हर्स घेणं ही एक उलटी विद्या आहे. चाक डावीकडे फिरवलं की मागची पेटी उजवीकडे पळते. नवरा घामाघूम, मी खाली उतरून हातवारे करते आहे, आणि सगळा अड्यार हॉर्न वाजवतो आहे. शेवटी पंपावरच्या पोरांनी ट्रेलर सोडवला आणि हातांनी ढकलत बाहेर काढला. "हत्ती गेला नि शेपूट राहिलं," असं मी म्हटलं, तर नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मामंजी मात्र बोलले. तंजावरकडच्या मराठी घरांत सासऱ्यांना मामंजी म्हणतात, मीही म्हणायला लागले. ही माणसं कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिली आणि त्यांची मराठी तिथेच थांबली. मामंजी बोलू लागले की मला एखादी जुनी पोथी बोलते आहे असं वाटायचं. उलट त्यांचं माझ्याबद्दल मत असं होतं की, "तुझी मराठी बरी आहे, थोडी कोवळी आहे." चेन्नईजवळ आवडी गावी लष्करी कारखान्याच्या भांडारात त्यांची नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर तिथेच मागच्या बाजूला त्यांनी छोटं घर बांधलं. अड्यारची हकिगत ऐकून ते म्हणाले, "पंप कोठें आहे तें पाहूं नये. बाहेर कोठून पडायचें तें पाहावें."

त्या दिवसापासून ते काम त्यांचं. फोनवर आकाशातून दिसणारा नकाशा उघडायचा, वर भिंग धरायचं, आणि हायवेवरचा एकेक पंप तपासायचा. आत जायला एक वाट आणि बाहेर पडायला दुसरी असेल तरच तो पास. छप्पर ट्रकच्या उंचीचं हवं. पंप आपल्याच बाजूला हवा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, "अर्धी टांकी म्हणजे रिकामी टांकी." काटा अर्ध्यावर आला की त्यांच्या लेखी आम्ही रस्त्यात अडकलेलोच असायचो. प्रत्येक पंपावर डिझेल भरलं की मी त्यांना फोन करायचा आणि "अस्कं सांगायचं." अस्कं म्हणजे सगळं. किती लिटर, किती अ‍ॅव्हरेज, जागा कशी होती, चहा मिळाला का. सुरुवातीला मला हा जाच वाटायचा. नंतर सवय झाली, आणि पंपावरचा माणूस नळी काढायच्या आत माझा हात फोनकडे जायला लागला.

हे सगळं कशासाठी, तर त्यांना तंजावरला जायचं होतं. जन्म तिथला, पण गुडघे गेल्यापासून ना बसमध्ये चढता येई ना रेल्वेत. ट्रेलरमध्ये मधे मधे थांबून आडवं होता येईल, आपलंच पाणी, आपलंच अंथरूण. "आमची गल्ली एकदां पाहतों, मग तुमचा तो डबा विका, मज कांहीं नाही." आम्ही कोल्हापूरला माझ्या माहेरी जाऊन येणार आणि परतल्यावर एक दिवस सोडून त्यांना घेऊन निघणार, असं ठरलं होतं. एकच अडचण होती. आवडीच्या घराचं फाटक अरुंद, ट्रेलर आत जात नसे, म्हणून तो शेडमध्येच उभा करावा लागे. या वेळी मात्र त्यांना आपल्या दारातून निघायचं होतं. "तें मी पाहतों," म्हणाले.

कोल्हापूरहून परतताना आम्ही तुमकूरच्या अलीकडे एका मोठ्या पंपाच्या आवारात मुक्काम केला. पंप अर्थात त्यांनीच निवडलेला. सकाळी नवरा टायरमधली हवा बघत होता, दोघांचे फोन माझ्याकडे होते, आणि धाकट्या दिराचा फोन आला.

"वैनी, अप्पा गेले," तो म्हणाला. "पहाटे. झोपेंतच. दादाला अत्तां सांगूं नक्का. तो गाडी चालवणार आहे. सीरियस आहेत म्हणा. आम्ही थांबतों, फ्रीझर बॉक्स आणलाय. सांजेच्या आंत या फक्त. मेदुवा वांगा." सावकाश या.

आपल्याकडे असंच सांगतात. माणूस गेलेला असतो आणि दूरच्यांना कळवतात की सीरियस आहे, निघून या. मीही लहानपणी अशा गाडीत बसले आहे. पण ते खोटं या टोकाकडून कधी बोलले नव्हते. मी नवऱ्याजवळ गेले आणि सांगितलं की मामंजींना हॉस्पिटलात नेलंय, सीरियस आहे. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. मला काही वाटलंच नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मला त्याची भीती वाटली होती.

तो हवा भरायचं यंत्र हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "डबा इथेच सोडूं. पंपवाल्याला सांगतों. गाडी मोकळी झाली की दुपारीं पोचूं."

बरोबरच होतं त्याचं. पण मोकळी गाडी त्याच्या हातात दिली असती तर त्याने ती कशी मारली असती ते मला माहीत होतं. होसूरच्या पुढे उतार आहेत, तिथे दर वेळी एखादा ट्रक आडवा पडलेला दिसतो. ट्रेलर मागे असला की तो साठाच्या वर जात नाही. मी म्हटलं, "नको, घेऊनच जाऊ. पोचू संध्याकाळच्या आत." त्याने माझ्याकडे पाहिलं, "सेरी", बरं, म्हणाला, आणि ट्रेलरची साखळी तपासायला गेला.

तो दिवस मला एखाद्या दुसऱ्याच्या दिवसासारखा आठवतो. बेंगळुरूच्या बाहेरून जाताना मी टोलच्या रांगा बघत होते. एका ट्रकच्या मागे लिंबं लटकत होती, त्यातलं एक सुकलेलं होतं. मी केळं खाल्लं आणि ते गोड लागलं, याची मला लाज वाटली. मामंजी गेले, असं मी मनात म्हणून पाहिलं. नुसते शब्द. मी तोंडात मूग धरून बसले होते, आणि त्या मुगाखाली काही होतं की नव्हतं, मला कळत नव्हतं.

अत्तिबेलेला, राज्याची हद्द ओलांडायच्या आधी, त्यांनी ठरवलेला पंप आला. आत जायची वाट वेगळी, बाहेरची वेगळी, छप्पर उंच. काटा अर्ध्याच्या थोडा खाली होता. टाकी फुल केली आणि माझा हात सवयीने फोनकडे गेला. मी तो मागे घेतला. नवऱ्याने ते पाहिलं असावं. "मी करूं का फोन?" त्याने विचारलं.

"आयसीयूत फोन नेऊ देत नसतील," मी म्हटलं.

"हं. नसतील," तो म्हणाला, आणि चहा न घेताच गाडीत बसला. पंपावरून निघताना तो कधी नाही ते इंडिकेटर लावून, आरशात पाहून, हळू निघाला. उतारांवर ट्रेलर मागून ढकलू लागला की तो गिअर खाली आणायचा आणि ब्रेकला हलकेच हात लावल्यासारखा पाय लावायचा. इतकी नीट गाडी त्याने कधी चालवली नव्हती. मी स्वतःला शाबासकी देत होते, की माझं खोटं जमलं. वेल्लोरनंतर ऊन तापलं.

शेवटचा पंप श्रीपेरुंबुदूरच्या पुढे, त्याच्या कारखान्याच्या जवळ. शहरात शिरलं की ट्रेलरला वळायला जागा मिळत नाही, म्हणून इथे टाकी फुल करायची आणि मग आवडी, असं मामंजींनी बजावलं होतं. ही टाकी तंजावरची होती. पंपावरचा मुलगा ओळखीचा. झाकण उघडत त्याने विचारलं, "फुल्ला, सार?"

"पत्तु लिटर पोदुम," नवरा म्हणाला. दहा लिटर पुरे.

मी अजून माझ्या खोट्यातच होते. मी म्हटलं, "अरे, फुल करायचं ठरलंय ना? तंजावरला निघायचं तर..."

"कोण निघणार आहे?" तो म्हणाला.

आकडे फिरले आणि थांबले. आम्ही गाडी पुढे घेऊन पंपाच्या कडेला उभी केली. मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"सकाळींच. डबा सोडूं नको म्हणालीस तेव्हां. अप्पा जिवंत असते तर तूंच म्हणाली असतीस, सोड डबा आणि पळ." त्याचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "मग म्हटलं, हिला काय विचारायचें? तूं सांगत नव्हतीस तोवर ते सीरियसच होते."

तो रडला नाही, मीही नाही. बाहेर कारखान्याच्या बसेस जात होत्या, शिफ्ट सुटली होती. मग त्याने खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "फोन कर. भरलं म्हणून सांग."

"कुणाला?"

"रोज करतेस त्या नंबरला."

मी मामंजींचा नंबर लावला. दिराने उचलला. मागे बायकांचे आवाज येत होते. मी स्पीकर लावला आणि सांगितलं की श्रीपेरुंबुदूरच्या पंपावर आहोत, दहा लिटर भरलं, दादाला कळलंय. दिराला या आमच्या फोनांची कधी पर्वा नव्हती, तो त्यांना वेडच म्हणायचा.

"अ‍ॅव्हरेज किती पडलं?" त्याने विचारलं.

"आठ," नवरा म्हणाला.

"बरं. डबा शेडमध्यें ठेवूं नक्का, घेऊन या. रिव्हर्स घ्यावं लागणार नाही. अप्पांनी काल वेल्डर बोलावून फाटक काढून ठेवलंय. सरळ आंत या."

तेव्हा कुठे मला रडू आलं.