शपथेवर सांगा

ऐंशीच्या दशकात आम्ही बॉस्टनजवळ एका बंदराच्या गावी राहायचो. तिथल्या जुन्या कस्टम हाउसचं म्युझियम झालं होतं. तिथला म्हातारा गाइड दर शनिवारी दोनशे वर्षांपूर्वीचा, जहाजांच्या मालावर जकात घेणारा कलेक्टर व्हायचा. कानावर पिसाची लेखणी, चष्मा कपाळावर. येणारा प्रत्येकजण त्याच्या लेखी जहाजाचा कप्तान. हात वर करायला लावून तो विचारायचा, “काय माल आणलात? शपथेवर सांगा.” कुणी हसलं, की पुन्हा पहिल्यापासून. मला त्याचा हा हट्ट फार आवडायचा.

पुण्याहून आलेल्या आईला मी तिथे नेलं. प्रश्न मराठीत सांगताच तिचा चेहरा पडला. हात वर करून ती म्हणाली, “शपथेवर खोटं कसं बोलू? पातळाच्या घडीत कढीपत्त्याचं रोप आणलंय. विमानतळावर विचारलं तेव्हा मी ‘काही नाही’ म्हणून सांगितलं होतं.”

बाहेरून रोप आणायला अमेरिकेत बंदी होती. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

त्यानं कानावरची लेखणी काढून खाली ठेवली. मग गंभीरपणे म्हणाला, “बाईंना सांग, मी जहाजांचा कलेक्टर. विमानाचा माल माझ्याकडे येत नाही.”

पुढच्या शनिवारी हात वर करायला न लावताच त्यानं मला हळूच विचारलं, “रोप जगलं का?”