अंगठा म्हणजे वर

नाशिकच्या जलतरण तलावावर स्कुबा डायव्हिंग शिकवणाऱ्या या बाई व्हॉट्सॲपवरसुद्धा कुणाला अंगठा पाठवत नाहीत. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘मस्त’ नसतो, ‘वर चला’ असतो. एकाने अंगठा दाखवला की सगळ्यांनी वर यायचं, का ते विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. ‘घाबरू नका’ असं त्या कधीच म्हणत नाहीत.

समुद्रकिनाऱ्यावरच्या स्कुबावाल्यांकडे मात्र हे वाक्य फुकट मिळतं. पाच मिनिटं समजावून पर्यटकाला खाली नेतात आणि तो मेला की म्हणतात, घाबरला म्हणून गेला! त्याविरुद्ध आम्ही काही जण मोहीम चालवतो; तिची पत्रकं द्यायला मी रविवारी तलावावर गेलो, तेव्हा कोकणात स्कुबासाठी निघालेलं एक जोडपं सराव करत होतं. काठावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. पाण्याखाली बायकोने अंगठा दाखवला. नवऱ्याने मान हलवून तिचा हातच दाबून धरला. बाईंनी तो सोडवला आणि दोघांना वर आणलं.

“दोन मिनिटं थांबली असती तर मेली असती का?” नवरा ओरडला.

“समुद्रात? हो.” बाईंचा आवाज नेहमीसारखाच, कुणाला पत्ता सांगावा तसा. “ताई पास. दादा, तुम्ही नापास.”

“अहो, मी तर घाबरलोसुद्धा नाही!”

“म्हणूनच. तुमच्यासोबत मी यांना पाण्यात पाठवणार नाही.”

काठावर टाळ्या पडल्या, पहिली माझी. ताई धापा टाकत होत्या, तरी हसल्या.

“मग मॅडम, पुढच्या रविवारी जोडीला बहिणीला आणते. हे काढतील किनाऱ्यावरून फोटो.”