चप्पल काढून खेळा

मी वाचायला शिकले ती मोर्चांच्या पत्रकांवर. अवसरीच्या आमच्या घरात आईने ती ट्रंकेत जपली होती. पाण्याची, मजुरीची, दारूबंदीची. त्यांत विनंती कधीच नसायची, मागणी असायची. त्यामुळे दोन हजार सालानंतर, आळेफाट्यावर सायबर कॅफे आला, तिथलं व्हिडिओ गेमचं दुकान बंद पडलं आणि गॅरेजवाल्या काकाने त्यातलं एक मशीन टेम्पोतून आणून आमच्या पडवीत उतरवलं, तेव्हा मीही मागणीच केली: यावर वस्तीतल्या मुली खेळणार. त्या दुकानात मुलींनी पाऊल टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एसटीची वाट बघताना मी बाहेरून नुसते आवाज ऐकायचे.

आईची एकच अट होती. "कुणाला करंट बसला, तर त्याच दिवशी भंगारात."

मशीनच्या आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. चालू करून बटनांच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. काका हसला. "पाट घे पायाखाली. गिरणीत काय करतो आपण? चप्पल घालतो न्हवं?"

हेच मला सहन होत नव्हतं. पंपाचा स्टार्टर असो, गिरणी असो की मिक्सर, आमच्याकडे सगळ्यावर हा एकच उपाय. वीज दुरुस्त करायची नाही, माणसाने चप्पल घालायची. मी ठरवलं, आमच्या मशीनवर मुली अनवाणी खेळतील.

काकाने बोअरच्या मोटारीची उरलेली केबल आणली. "लई जाड हाय. जाड तेवढी मजबूत." मोटारीला ती ठीक होती, पण बटनाच्या नखाएवढ्या पट्टीला जोडली तर पट्टीच वाकली आणि झाकण बसेना. मग त्याने टेलिफोनची वायर दिली. तिच्यात एकच कडक तार, पत्रा उघडमीट करताना ती तुटली. बटनांना हवी होती बारीक, मऊ, आत केसांसारख्या पुष्कळ तारा असलेली वायर. ती मंचरला मिळाली. तिथेच मी भिंतीवरच्या बोर्डापासून मशीनपर्यंत थ्री-कोर केबल मागितली.

"टू-कोर न्या ताई," दुकानदार म्हणाला. "तिसरी हिरवी वायर समदे कापूनच टाकत्यात."

"का?"

"लावणार कुठं? घरात अर्थिंग न्हाई."

"मग अर्थिंगचा पाइपही द्या."

घरामागे मी स्वतः खड्डा खणला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतलं. काका ओट्यावर बसून बघत होता. "मीठ बेतानं घाल, लोणचं नासंल." पण मेन स्विच बंद करून बोर्डाच्या रिकाम्या तिसऱ्या भोकाला पाइपाची तार जोडायला तोच उठला. मशीनच्या आत हिरवी वायर मी आवळली. आधी पत्र्याचा रंग खरवडला, खालचा धातू चकाकेपर्यंत.

मशीन चालू झालं. काकाने पत्र्याला टेस्टर लावला. पेटला नाही.

"टेस्टरच गेला असंल," म्हणून त्याने तो बोर्डात घालून पाहिला. लख्ख पेटला. पुन्हा पत्र्याला लावला. काही नाही.

आई स्वयंपाकघरातून आली. आम्ही ठेवलेला पाट तिने पायाने बाजूला सारला, चप्पल काढली आणि फरशीवर उभी राहून दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले. काकाचं हसू थांबलं. माझे डोळे तिच्या चेहऱ्यावर.

"मुंगीबी न्हाई," ती म्हणाली.

तेव्हा ऊर जो भरून आला, तो पुढे मी लिहायला लागल्यावर छापून आलेल्या माझ्या कुठल्याही लेखाने आला नाही. संध्याकाळी वस्तीतल्या मुली आल्या तोवर मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहून मशीनवर चिकटवलं होतं: "चप्पल काढून खेळा." मुली एकमेकींना ढकलत बटनांवर तुटून पडल्या. दारात चपलांचा ढीग झाला. आणि आईने पाट उचलून आत नेला. इतके दिवस जेवायला बसताना एक पाट कमी पडत होता.