शिट्टीचं माप

शाळेच्या मागच्या बाजूला, सायकली लावतात तिथे, एक लांबोडकी खोली होती. मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, दांडा तुटलेला पृथ्वीचा गोल, असं सगळं नकोसं झालेलं सामान तिथे टाकलेलं असे. त्या सामानाबरोबर गाण्याचा वर्गही तिथेच टाकलेला होता. शेवटच्या तासाला कुणी त्या बाजूने गेलं, तर आत गाणं शिकवतात असं त्याला सांगूनही पटलं नसतं. आतून आवाज यायचे ते असे:

“छातीत तंग होतंय हो हे!”

“मग दुसरी ओळ उसवा.”

“परत? आत्ताच तर टाचली!”

“गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुमचं अजून बेतायचंच चाललंय. उद्या दुकानाला कुलूप लावा!”

हे शेवटचं बोलणारी वर्गातली चष्मेवाली मुलगी. दुकानाची मालकीण तीच. आणि गाण्याच्या बाई? त्या कोपऱ्यात पेटीपाशी मुकाट बसलेल्या. दुकानात त्यांचं काम इस्त्रीचं. सगळं शिवून झालं की चाल पेटीवर वाजवून तिच्या चुण्या मोडायच्या, एवढंच. त्याआधी त्यांनी एक सूरही लावायचा नाही, असा नियम होता, आणि तो त्यांनीच घातला होता.

बाई शिंप्याची मुलगी. लहानपण कापायच्या टेबलाखाली चिंध्या गोळा करण्यात गेलं. डोक्यावर मशीन धावत असायचं आणि ही खाली बसून त्या लयीत गुणगुणायची. तिथे बसून तिने एक गोष्ट हेरली होती. मोठा अधिकारी येवो की हमाल, आरशासमोर उभा राहिला की बेधडक सांगायचा, इथे काचतंय, इथे ढगळ आहे. शिवता त्यांतल्या एकालाही यायचं नाही, पण काय चुकलंय ते प्रत्येकाला कळायचं.

पुढे बाई शिक्षिका झाल्या, आणि त्यांनी मुलांना म्हटलं, “आज एक चाल रचू या.” झालं! पोरांची दातखीळ बसली. सगळी बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली, उत्तर तिथे लिहिलेलं असल्यासारखी. असे कितीतरी तास वाया गेले. मग एक दिवस बाई वैतागून म्हणाल्या, “चाल मरू दे. मी गिऱ्हाईक आहे. मला सुरांचा झगा हवाय. घ्या माप!” आणि मेलेली पोरं जिवंत झाली म्हणा ना. एकीने मापाची पट्टी धरल्यासारखे हात केले, एकाने दोन बोटांची कात्री केली, आणि दुकान उघडलं ते उघडलंच.

त्या दुकानाचा मोठा नियम म्हणजे कापड गिऱ्हाइकाचं. येणाऱ्याने स्वतःचा काहीतरी आवाज आणायचा. बोलण्यातली एखादी लकब, चालण्याचा ताल, दाराची कुरकुर, काहीही. त्याच्यातूनच चाल बेतायची. शाळेचे शिपाईमामा आले होते, जेवणानंतर झोप येऊ नये म्हणून चाल मागायला. कापड काय, तर त्यांची जांभई. पोरांनी ती ऐकून ऐकून सुरांत बसवली. वरून खाली येणारी ती लांबलचक घसरण ठेंगूने तीन ठिकाणी कापली आणि उलटी करून खालून वर जोडली. ठेंगू म्हणजे दुकानातला कात्रीवाला. मामा ट्रायलला बसले आणि ट्रायलमध्येच त्यांचा डोळा लागला.

“मामा, हा कपड्याचा दोष नाही,” चष्मेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अंगाचाच आहे!”

बाई खूप हसल्या त्या दिवशी. हसून झालं की त्या पेटीचं झाकण लावायच्या आणि घराची वाट धरायच्या. त्या वाटेवर मात्र कुणी त्यांना हसताना पाहिलेलं नाही.

घर वरच्या मजल्यावर. यजमान लिफ्टचे मिस्त्री. सगळ्या गावाचे जिने वाचवणारा माणूस, आणि त्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही, यावरून शेजारीपाजारी थट्टा करत. तेही पूर्वी हसून म्हणायचे, “आमच्या घरात चालती लिफ्ट आहे, बघा आत्ता येईल.” आणि खालून भुंगा यायचा.

भुंगा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं, सदा गुणगुणतो म्हणून वडिलांनीच ठेवलेलं हे नाव. दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा. मधल्या वळणावर क्षणभर थांबायचा आणि तिथून शिट्टी मारायचा. शिट्टी ऐकली की बाई ताट वाढायला घ्यायच्या. मग साध्या तापाचं निमित्त झालं. देवाने का नेला, हे विचारायचं बाईंनी सोडून दिलं होतं. देवाच्या दारात रोज हात जोडायचे आणि गप्प बसायचं. पण मिस्त्रींचं गप्प बसणं वेगळं होतं. मुलाच्या वस्तू त्यांनी एका पेटाऱ्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि म्हणाले, “त्याचं नाव घरात नको. मला सोसत नाही.” तेव्हापासून दोघं भाजीचं बोलत, नळाचं बोलत, कुणाच्या लिफ्टची दोरी झिजली त्याचं बोलत. मुलाचं अवाक्षर नाही. बाईंना जगाकडून दुसरं काही नको होतं. यांनी एकदा, फक्त एकदा, भुंगा म्हणावं. आपल्याशी म्हणावं. नाहीतर तो होता की नव्हता, हेच एक दिवस कळेनासं होईल, अशी धास्ती त्यांच्या मनाने घेतली होती.

एकदा बाई घराची किल्ली विसरून शाळेत गेल्या. मिस्त्रींचं जवळच कुठेतरी काम होतं, तेव्हा किल्ली द्यायला ते मागच्या खोलीपर्यंत आले. दारात त्यांची सावली पडली मात्र, चष्मेवाली ओरडली, “गिऱ्हाईक!”

“या साहेब, काय शिवायचं?”

“साहेब नाही गं, मिस्त्री आहे मी. किल्ली द्यायला आलोय.”

“आमच्या दुकानातून कुणी रिकाम्या हाती जात नाही.”

“माझे हात बघ, तेलाने बरबटलेत. तुमचा माल खराब होईल.”

“आमचा माल धुवून निघतो!” ठेंगू म्हणाला, आणि सगळी खिदळली.

मिस्त्रीही ओठांतल्या ओठांत हसले. हत्यारांची पिशवी खाली ठेवली. खोलीभर नजर फिरवली, बाईंकडे तेवढं पाहिलं नाही. मग म्हणाले, “जिना चढताना वाजवायची शिट्टी करता का तुम्ही?”

बाईंची बोटं पेटीच्या भात्यावर होती तिथेच थिजली.

“कुणाच्या मापाची?” चष्मेवालीने विचारलं.

“आहे एक मुलगा. तुमच्याहून जरासा मोठा.”

“त्याला आणा की ट्रायलला.”

“नाही जमणार. लांब असतो तो.”

“मग कापड कोण देणार? कापड गिऱ्हाइकाचं लागतं.”

मिस्त्रींनी ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. पुन्हा केला, पुन्हा हवाच. एरवी पोरं हसली असती, पण का कोण जाणे, कुणी हसलं नाही. मग त्यांनी बाकावर बोटांनी पावलं वाजवली. दोन पायऱ्या एकदम, दोन पायऱ्या एकदम, आणि मग थांबणं. “इथे,” ते म्हणाले, “इथे यायची ती.” पिशवी उचलली आणि निघून गेले. किल्ली द्यायची राहिलीच. चष्मेवालीला मागे धावत जाऊन ती आणावी लागली.

पोरं कामाला लागली. पावलांचा ताल मिळाला होता, शिट्टी मात्र अंदाजाने बेतायची होती. पहिल्या ट्रायलला मिस्त्री आले ते हात स्वच्छ धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून. मुलाच्या शाळेत पालकांची बैठक असली तरी कधी न गेलेला हा माणूस. ऐकलं आणि म्हणाले, “छान आहे रे. पण तो असा दमत नसे.” पोरांनी लय उसवली. दुसऱ्या ट्रायलला म्हणाले, “हा फार शहाणा मुलगा झाला. तो जरा खोडकर होता.” पुन्हा उसवली.

घरी बाई त्यांच्या तोंडाकडे बघत. आता बोलतील, मग बोलतील. ते विचारत, “मीठ कमी पडलंय का आज?” बाई म्हणत, “असेल.” शाळेतल्या पोरांसमोर मुलाला खोडकर म्हणणारा माणूस घरी आला की मिठावर येऊन थांबायचा. आणि बाईंना तर ती शिट्टी पाठ होती. सुरासुराने, श्वासाश्वासाने. भांडी घासताना, बसची वाट बघताना त्या ती मनात वाजवून घेत. एका कडव्याएवढीही नव्हती ती, पण मुलाचं तेवढंच एक काय ते त्यांच्यापाशी होतं, माळ्यावर न टाकलेलं.

तिसऱ्या ट्रायलला मिस्त्रींनी नुसती मान हलवली. ठेंगूचे डोळे भरून आले. “आम्हाला नाही येत,” तो म्हणाला. “कापडच नाही तर शिवणार काय?” चष्मेवालीने चष्मा काढून झग्याला पुसला आणि तशीच उभी राहिली.

तेव्हा बाईंनी नियम मोडला. पेटी पुढे ओढली आणि ती शिट्टी वाजवली. तीन सूर चढत, जरा रेंगाळत, आणि शेवटचा अलगद खाली येऊन टेकणारा. वाजवून झाल्यावर त्यांनी प्रथमच नवऱ्याकडे वर मान करून पाहिलं.

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग म्हणाले, “असं नव्हतं.”

“काय असं नव्हतं?”

“शेवटचा सूर. तो वर जायचा.”

“खाली यायचा,” बाई म्हणाल्या. “रोज ऐकलंय मी. ताट वाढता वाढता ऐकलंय.”

“वर जायचा. काहीतरी विचारल्यासारखा. मी त्याच्या मागून जिना चढलोय की नाही?”

“तुम्ही कितीदा चढलात हो? तुम्ही तर बाहेर, लोकांच्या लिफ्टमध्ये! घरात मी होते.”

“भुंग्याचा शेवटचा सूर वर जायचा!” मिस्त्री मोठ्यांदा म्हणाले. “माझ्या भुंग्याची शिट्टी मला सांगतेस?”

नाव आलं. असं आलं, भांडणात, तुटक्या पृथ्वीच्या गोलाशेजारी, दुसऱ्यांच्या पोरांसमोर. दोघंही ते ऐकून दचकले. पोरं भिंतीला चिकटून उभी होती. कुणाचं खरं, कुणाचं खोटं? बाई दाराच्या आतून ऐकायच्या, मिस्त्री जिन्यातून. कदाचित वळणापर्यंत धावत आल्यावर कधीकधी पोराला धाप लागून सूर खाली येत असेल. कदाचित दोघांपैकी एकाच्या मनाने तो केव्हाच बदलून टाकला असेल. विचारून घ्यावं, तर ज्याला विचारायचं तोच नाही.

शेवटी चष्मेवालीनेच तोंड उघडलं. हळूच, पण दुकानाच्या मालकिणीला शोभेल असंच. “बाई, ऑर्डर मिस्त्रींची आहे. गिऱ्हाइकाला जसं बसतं तसंच शिवायचं. तुम्हीच सांगितलंय.”

पोरांनी शेवटचा सूर वर नेला. मागून पावलांचा ताल घातला, वळणावरचं थांबणं घातलं. मग इस्त्रीसाठी ती चाल बाईंपुढे आली. बाईंचं बोट दरवेळी सवयीने खालच्या पट्टीकडे वळे, आणि दरवेळी त्या ते उचलून वर नेत. चुणी राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा वाजवली त्यांनी. मिस्त्री बाकावर बसून, हात गुडघ्यांत धरून, मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ठेंगूने जाऊन त्यांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर घराचं कुलूप निघालं म्हणायचं. मिस्त्रींनी पेटारा खाली काढला. मुलाचा तोकडा झालेला सदरा हातात घेऊन म्हणाले, “भुंगा किती भराभर वाढत होता गं.” जेवताना म्हणाले, “भुंग्याला हे आवडायचं नाही, हळूच माझ्या ताटात टाकायचा.” बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही खायचात?” “मग काय करणार? तू बघत असायचीस!” दोघं हसले, आणि हसता हसता दोघांनी पदराला आणि बाहीला डोळे पुसले. बाईंनी देवापुढे हात जोडले, जे मागितलं होतं ते मिळालं म्हणून.

मिस्त्री कामावरून येताना आता ती चाल गुणगुणत येत. शिट्टी त्यांना येत नव्हतीच. वळणावर थांबत, आणि तिथून शेवटचा सूर वर जाई. रोज.

एका संध्याकाळी बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. घरात कुणी नव्हतं. सहज, नेहमीसारखी, त्यांनी मनात ती शिट्टी लावली. तीन सूर चढत गेले, रेंगाळले, आणि चौथा वर गेला. बाई थबकल्या. पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा वर. डोळे मिटले, ताट वाढतानाचा पळीचा आवाज आठवून पाहिला, दाराची कडी आठवून पाहिली. मग घरातली पेटी काढली आणि बोटाने मुद्दाम खालचा सूर दाबला. सूर आला, पण तो नुसताच पेटीचा सूर होता. त्याच्यात कुणी नव्हतं.

त्या पेटी पुढ्यात घेऊन तशाच बसून राहिल्या. अंधार पडत आला तरी दिवा लावायचं भान त्यांना राहिलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. वळणावर थांबली. सूर वर गेला. मिस्त्री दारात आले, चपला काढता काढता म्हणाले, “आज अगदी जमली बघ. भुंगा असाच यायचा ना गं?”

बाईंनी पेटीचा भाता बंद केला.

“हो,” त्या म्हणाल्या. “असाच यायचा.”