हिराबायनं राखलेला पाव तास

मी डोळे उघडले तेव्हा माझ्या खोपटाबाहेर चिखलाने माखलेली पंधरा-वीस माणसं उभी होती आणि कुणीही बोलत नव्हतं. सगळ्यांपुढे पदू मुकादम होता.

"झाली का प्रार्थना, सायबा?" त्यानं विचारलं. "मंग आता सांगतू. बांधाला खांड पडत व्हती."

मिठागराच्या ओव्हरसियरला याहून वाईट बातमी नसते. का, ते सांगतो.

आमचं मिठागर उरणजवळ होतं. वर्षं एकोणीसशे तीसनंतरची. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दरवाजातून, आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हानं आटवायचं. शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की फळीनं ओढून काढायचं. समुद्र आणि हे सगळं यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधात खेकडे बिळं करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बिळातून पाणी शिरतं, माती वाहते, भगदाड पडतं. तीच खांड. खांड पडली की समुद्राचं पाणी थेट वाफ्यांत येतं आणि महिन्याभराचं मीठ घटकाभरात विरघळतं. म्हणून आमच्याकडे रीत होती, की ज्याला पाणी झिरपताना दिसेल त्यानं तिथूनच "खांड! खांड!" असं ओरडायचं. शेजारच्या गावातली माणसंही टोपल्या घेऊन धावत.

त्या दुपारी कुणीच ओरडलं नव्हतं. त्याला कारण मी होतो.

मी ख्रिस्ती. घर आणि मंडळी, म्हणजे आमचं चर्च, अलिबागकडे. हंगामाचे सहा महिने मला रविवार नसे, कारण मीठ रविवार पाळत नाही. मी आमच्या पाळकसाहेबांकडे कुरकुर केली. ते म्हणाले, "सबंध दिवस नाही ना मिळत? मग रोज पाव तास काढ. पण तो दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

मी शब्द दिला. दुपारच्या सुट्टीतला पाव तास ठरवला आणि पदूला ठणकावून सांगितलं, "या वेळात मला कुणी हाक मारायची नाही."

"बांध फुटला तरी?" पदूनं हसत विचारलं.

"बांध फुटला तरी."

तरुण होतो. असं बोलताना बरं वाटलं.

आमच्या मिठागरावरची आगरी माणसं शब्दाला फार पक्की. मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की खोपटाजवळची भांडणं थांबत. बायका कुत्र्यांना लांब हाकलत. पहिला हंगाम मी मनापासून प्रार्थना केली. दुसऱ्या हंगामात मिठागराचे मालक असलेल्या गुजराती शेठनी वाफे वाढवले, माणूस वाढवला नाही. मी पहाटे चारला उठायचो आणि दुपारी भिंतीला टेकून मांडीवर पुस्तक घ्यायचो. दुसऱ्या वचनापर्यंत झोप लागलेली असे. मान खाली, डोळे मिटलेले, पुढ्यात शास्त्र. बाहेरून पाहणाऱ्याला भक्तीच दिसणार. "उद्यापासून नीट करू," असं मी दीड महिना म्हणत होतो.

त्या दिवशी चैत्रातली अमावास्या होती. भरती दुपारी साडेबाराला. हिराबाय नावाची पन्नाशीची बाई माझ्या खोपटामागच्या बांधावर बसून भाकरी खात होती. तिला आतल्या अंगाला गढूळ पाणी दिसलं. पाणी गढूळ म्हणजे माती सुटायला लागली. ती ओरडली नाही. उतरली, बिळाच्या तोंडावर पाठ लावून चिखलात बसली आणि सुनेला म्हणाली, "जा, सगल्यांना आन. आवाज करू नको, सायेब देवाशी बोलतंय." सून एकेकाच्या खांद्याला हात लावत धावली. माणसं पेंढा आणि चिखल घेऊन आली. हिराबायच्या दोन्ही बाजूंनी भराव घालत गेली आणि शेवटी तिला ओढून काढून तिची जागाही बुजवली. सगळं खुणांनी. तेवढ्यात माझा पाव तास संपला.

मी धावत जाऊन बांध पाहिला. ओला भराव घट्ट बसला होता. वाफे पांढरे होते. असं काम मी पुढे कधी पाहिलं नाही.

दोन दिवसांनी शेठ आले. पदूनं त्यांना सांगितलं, सायेब प्रार्थनेला बसलं व्हतं म्हनून वाचलं. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"शुं वात छे, ओव्हरसियर! तुमचा देव तर लई कामाचा! रोज बसत जा, हां?"

मी मान हलवली. पुढे शेठनी मला मॅनेजर केलं. पाळकसाहेबांनी ही हकीकत मंडळीच्या मासिकात छापली. त्यात माझं नाव होतं, माझा विश्वास होता, उधाणाचा समुद्र होता. हिराबाय नव्हती. मी दुरुस्ती कळवली नाही. आता सगळे गेले. मी ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून कळवतो.

तिच्याशी मात्र हंगाम संपताना बोललो होतो.

"हिराबाय, त्या दिवशी मी प्रार्थना करत नव्हतो. झोपलो होतो."

"ठावं हाय. घोरत व्हतास."

"मग उठवलं का नाहीस?"

"पहाटपासून उभा असतस तू. तुझा देव उठवीत न्हाय, मंग मी कोन उठवनारी?" मग माझ्या तोंडाकडे बघून हसली. "पानी हाटलं नसतं तर बादली ओतली असती डोक्यावर. तवरी येडी न्हाय मी."

पुढच्या हंगामापासून मी प्रार्थना पहाटेची केली, तीही चालत. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाव तास लागतो. एकेक वचन म्हणायचं आणि बिळं बघायची. पदूला सांगितलं, केव्हाही हाक मार. त्यानं पुष्कळ मारल्या. प्रार्थना अर्धी सोडून धावलो आणि उरलेली परतताना पूर्ण केली. असे तेवीस हंगाम. एकही दिवस चुकला नाही आणि एकदाही खांड पडली नाही. दोन्ही गोष्टी मी छाती पुढे काढून सांगतो.

पण त्या चैत्रातला बांध माझ्या प्रार्थनेनं राखला नाही. तो हिराबायच्या पाठीनं राखला. मासिकात छापलं ते चूक होतं आणि ते चूक आहे हे मला छापून आलं त्या दिवशीही माहीत होतं.

माझ्यासारख्या कामाच्या माणसांना एवढंच सांगतो, की प्रार्थनेची वेळ ठरवण्याआधी झोपेची ठरवा. आणि देवासमोर बसलेले असताना कुणी हाक मारली तर ओ द्या.