कवितेचा दाखला

गेल्या महिन्यात बदलापूरच्या एका वाचनालयातून फोन आला. परिसंवाद ठेवलाय, विषय आहे ‘रॅपला कविता मानावं का?’, आणि मॅडम, तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंय, तर तुम्ही याच. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतोच, त्यामुळे खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. पण खरी गोष्ट अशी की या विषयावर मी एकदा लेखी मत देऊन बसले आहे, सहीनिशी, आणि ते एका सरकारी फाइलीत लागलेलं आहे.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी कॉमर्सच्या मुलांना मराठी शिकवायचे. निम्मा वर्ग शहराच्या कॅम्प चार या भागातल्या दुकानदारांच्या मुलांचा, आणि मराठीचा तास म्हणजे त्यांची डबा खायची वेळ. त्याच वर्गात अंबरनाथजवळच्या पालेगावची एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी खरडायची आणि बोटांनी बाकावर ठेका धरायची. एकदा मी ती वही काढून घेतली. आत रॅप होतं. ते मी वर्गाला मुद्दाम सपाट आवाजात वाचून दाखवलं आणि म्हणाले, याला यमक जुळवणं म्हणतात, कविता नव्हे. वर्ग खिदळला. तीसुद्धा हसली. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती आणि मला त्या तिखटपणाचं कौतुक होतं.

कॉलेज संपल्यावर ती कॅम्प चारमध्येच एका कपड्यांच्या कारखान्यात बिलं करायच्या कामाला लागली. तिचा मोठा भाऊ अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होता. मी निवृत्त झाले त्या वर्षी तो एका कंपनीत केमिकलची टाकी धुवायला उतरला आणि वर आलाच नाही. आत गॅस साचला होता. कंपनीनं सांगितलं, त्याला कोणी उतरायला सांगितलंच नव्हतं, तो न विचारता स्वतःच्या मनानं गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर काम करणारा एक जण घरी येऊन बसला. त्यानं रडत रडत सगळं सांगितलं. भावानं मास्क मागितला होता, दोरी मागितली होती. सुपरवायझर हसला आणि त्यानं त्याला खाली पाठवलं. मुलीनं ते ऐकलं तसं त्याच दिवशी लिहून काढलं. तेरावं झाल्यावर कंपनीच्या गेटसमोर उभी राहून तिनं ते म्हटलं आणि मोबाईलवर टाकलं. त्यात सुपरवायझरचं नाव होतं. ते मी इथे देत नाही. चार ओळी देते.

चारची चहाची वेळ, भाऊ टाकीच्या काठी,
मास्क मागतो तर म्हणे, नखरे कशासाठी?
पाच मिनट का काम है, उतर, टाइम मत कर खोटी
पाच मिनिटं संपली नाय, घरी गार पडली रोटी.

जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मला तो व्हिडिओ आला. तिच्या मागे गेट, गेटवरचा वॉचमन तिला हातानं हाकलतोय आणि ही बोलतेच आहे. मी तो चार वेळा पाहिला. लाज वाटते सांगायला, पण पहिल्या तीन वेळा मला तिचा भाऊ दिसलाच नाही. मला यमकं दिसली. हिंदीत बोलणारा सुपरवायझर आणि मराठीत बोलणारी बहीण एकाच कडव्यात कसे आणून बसवलेत, ते दिसलं. ‘गार पडली रोटी’ला मी खुर्चीत सरसावून बसले. वर्गात हिला आपण हसलो होतो, आणि हिला येत होतं की, असं म्हणत मी स्वतःवरच चरफडत राहिले.

आठवड्याभरात कंपनीनं बदनामीची तक्रार दिली. पोलिसांनी तिला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन माझ्या घरी आली. पोरगा गेला, आता पोरगी आत जाईल, हे एवढंच ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी साडी बदलली आणि दोघींबरोबर पोलीस ठाण्यात गेले.

तिथले साहेब स्वतः चारोळ्या करणारे निघाले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, दोन चारोळ्या ऐकवल्या. मीही वा म्हटलं. मग ते म्हणाले, “मॅडम, हे जर खरं घडलं असं ती म्हणत असेल, तर मला तिच्याकडे पुरावा मागावा लागेल. आणि कविता असेल तर ती कल्पना झाली. कल्पनेवर कसला गुन्हा? तुम्ही यातल्या जाणकार. तुम्ही लिहून द्या, मी मिटवून टाकतो.”

मुलगी दारापाशी उभी होती. ती म्हणाली, “पण मॅडम, कल्पना नाहीये ती.”

मी तिला गप्प बस म्हटलं. काय लिहायचं ते मला कळतं, असंही म्हटलं.

घरी येऊन मी दोन दिवस ते पत्र लिहिलं. इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. जात्यावरच्या ओवीपासून सुरुवात केली. रोजच्या जगण्यातलं बोलणं उचलून त्याला लय देणं हे आपल्या बायका शेकडो वर्षं करत आल्या आहेत आणि रॅप ही त्याच घराण्यातली धाकटी पोर आहे, असं मांडलं. अतिशयोक्ती हा अलंकार सोदाहरण समजावला. आणि शेवटी, साहेबांना जे हवं होतं ते घोटीव अक्षरात लिहिलं: ‘सदर रचना ही निःसंशय कविता असून, तीतील प्रसंग, व्यक्ती व संवाद कवयित्रीच्या भावविश्वातून आलेले आहेत. त्यांना वस्तुस्थितीचे निवेदन मानू नये.’

तक्रार निकालात निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी पत्राची झेरॉक्स ठेवून घेतली होती. रविवारी आमच्या इमारतीतल्या बायका जमतात, त्यांना ती वाचून दाखवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

भावाच्या मृत्यूची चौकशी पुढे बरेच महिने रेंगाळली. घरच्यांचं मागणं एकच होतं. तो आपण होऊन मरायला उतरला नव्हता, त्याला पाठवलं होतं, एवढं सरकारी कागदावर यायला हवं होतं. त्याच्या आईला लोक येता-जाता विचारायचे, कोणी न सांगता कशाला उतरला गं तो? ती काय उत्तर देणार? ज्यानं घरी येऊन सगळं सांगितलं होतं तो मधल्या काळात गावी निघून गेला, आणि नंतर मी काही पाहिलं नाही असं त्याचं लेखी निवेदन आलं. त्याला कोणी गाठलं, काय सांगितलं, देव जाणे. आता उरली होती ती फक्त बहीण आणि त्या दिवशी तिनं लिहून ठेवलेलं ते गाणं.

सुनावणीला मी धीर द्यायला म्हणून गेले. तिनं सगळं नीट सांगितलं, चढ्या आवाजात नाही, रडून नाही. कंपनीचे वकील उठले. ते म्हणाले की ही जे सांगते आहे ते शब्दन्‌शब्द तिच्या गाण्यात आहे, आणि त्या गाण्याबद्दल तिच्याच प्राध्यापिकेचं मत उपलब्ध आहे. त्यांच्या हातात माझं पत्र होतं. तक्रार कंपनीचीच होती, तेव्हा ती कशी निकालात निघाली याचे कागद कंपनीला मिळणारच होते. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला पुढे बोलावलं. सही माझीच का, विचारलं. मी हो म्हटलं. हे मतही तुमचंच का, विचारलं. मी सांगायला लागले की कवितेतलं सत्य हे वेगळ्या पातळीवरचं असतं, तिथे कल्पना म्हणजे खोटेपणा नव्हे, आणि...

“मॅडम,” कागदातून मान वर न करता ते म्हणाले, “हो की नाही, तेवढं सांगा.”

नाही म्हटलं तर पोलिसांना खोटं लिहून दिलं असं होणार होतं. मुलीवरची तक्रार पुन्हा उघडेल अशीही भीती होती. ही झाली सांगायची कारणं. माझी हिंमत झाली नाही, हे खरं कारण. मी हो म्हटलं. वकिलांनी पत्रातलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. फार छान वाचलं, एकही उच्चार चुकला नाही.

निकालात आलं की मृत व्यक्ती कोणाच्याही सूचनेशिवाय स्वतःहून टाकीत उतरली.

त्यानंतर मी पालेगावला त्यांच्या घरी गेले. चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि मध्ये त्यांचं बैठं घर आहे. न जाऊन चाललं नसतं, आणि जाऊन काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. आईनं मला कॉटवर बसवलं, चहा केला आणि माझे हात हातात घेतले. “तुमी होतां म्हणून पोर घरा आली,” ती म्हणाली. मी तिला थांबवलं नाही. चहा संपवला. मुलगी समोर बसून होती. गाणं तिनं काढून टाकलं होतं. खोटं म्हणून सही झालेलं कशाला ठेवायचं, असं ती आईला म्हणाल्याचं आईनंच मला सांगितलं.

निघताना ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. खडी टाकलेला अर्धवट रस्ता होता, माझ्या गुडघ्यासाठी ती सावकाश चालत होती. रिक्षाजवळ थांबून तिनं विचारलं, “मॅडम, ते खरं घडलंय हे तुम्हाला माहीत होतं ना?”

मी हो म्हटलं.

“मग पत्रात तसं का नाही लिहिलंत?”

ती भांडत नव्हती. वर्गात एखादी शंका विचारावी तसं विचारत होती आणि उत्तरासाठी थांबली होती. मी तिला म्हटलं, तू सुटावीस म्हणून. तिनं मान हलवली आणि रिक्षावाल्याला माझा पत्ता नीट समजावून सांगितला.

पण ते उत्तर पुरं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी एका माणसानं खुर्ची देऊन विचारलं की ही कविता आहे का, आणि मला इतका आनंद झाला की ते खरं आहे का, हे कोणीच विचारत नाहीये, याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.